वुडचिप निघाला, आता भिंतीचं काय?

(रंगकाम आणि घरातल्या बारीकसारीक दुरुस्त्यांबद्दलचं सदर. उत्तरं देणाऱ्या ताई मूळच्या इचलकरंजीच्या. बरीच वर्षं इंग्लंडमधल्या लेस्टरमध्ये रंगकाम आणि कागदकाम करतात.)

ताई, नमस्कार. आम्ही रेडिंगला व्हिक्टोरियन काळातलं, ओळीतलं घर घेतलं आहे. पुढच्या खोलीत चारही भिंतींवर वुडचिप होता, म्हणजे लाकडाचे बारीक कण घातलेला खरखरीत वॉलपेपर. वाफेचं मशिन भाड्यानं आणून तो काढला. खाली जे निघालं ते बघून रडू आलं. कुठे जुना हिरवा रंग, कुठे केसाएवढ्या भेगा, कुठे आम्हीच पत्तीनं पाडलेले खड्डे. एक जण म्हणतो सगळं प्लास्टर करून घ्या. दुसरा म्हणतो लायनिंग पेपर (भिंत सपाट दिसावी म्हणून लावायचा साधा, जाड कागद) लावा आणि वरून रंग द्या. आम्ही दोघांनी आयुष्यात कधी कागद लावलेला नाही. कुठला ग्रेड घ्यायचा, आडवा लावायचा की उभा, रोल किती लागतील? खोली ४ बाय ३.५ मीटर, उंची २.७. — एक जोडपं, रेडिंग

जमेल तुम्हाला. फक्त दुकानात पळू नका.

आधी ही खोली रिकामी करा आणि बोटाच्या पेरानं भिंत ठकठक वाजवत फिरा, एकही कोपरा न सोडता. तुमच्या काळातल्या घरात आतल्या आडभिंतींवर लाकडाच्या बारीक पट्ट्या आणि त्यावर चुन्याचा गिलावा असतो, बाहेरच्या भिंतींवर थेट विटेवर. शंभर-सव्वाशे वर्षांत तो जागोजागी सुटतो. भरीव आवाज आला तर पुढे चला. पोकळ आवाज आला तर पेन्सिलनं तिथे गोल करा आणि तळहातानं दाबून बघा. हलत असेल तर तेवढा गिलावा काढून नवा भरून घ्यावा लागेल. सगळ्या खोलीत पेन्सिलचे गोलच गोल झाले, तर तुमचा पहिला सल्लागार बरोबर : प्लास्टरवाल्याला बोलवा आणि कागद विसरा. दोन-चारच गोल निघाले तर दुसऱ्याचं ऐका.

कागद काय झाकतो आणि काय झाकत नाही, एवढं कळलं की निम्मं काम झालं. जे होऊन गेलंय ते तो झाकतो. जुन्या स्थिर भेगा, रंगाच्या थरांच्या कडा, तुम्ही पाडलेले खड्डे. जे अजून चालू आहे ते झाकत नाही. ओल चालू असेल, भेग रुंदावत असेल, गिलावा सुटत असेल, तर कागद लावून सहा महिन्यांत तेच दुखणं कागदासकट बाहेर येतं.

म्हणून ओल बघा. जमिनीपासून साधारण १ मीटरपर्यंत पिवळट आडवी रेघ किंवा पांढरे क्षार दिसतात का? ती जमिनीतून चढणारी ओल. वरच्या कोपऱ्यात, छताजवळ डाग असेल तर बाहेर जाऊन पन्हळ बघा. बहुतेकदा ती पानांनी तुंबलेली असते. आणि बाहेरच्या थंड भिंतीवर, कपाटामागे काळी बुरशी असेल, तर ती बहुधा आपल्याच घरातली वाफ. या घरांच्या भिंती नऊ इंची, भरीव विटेच्या, मध्ये पोकळी नाही. आपण खिडकी लावून कुकरच्या शिट्ट्या काढायच्या, धुणं रेडिएटरवर वाळत घालायचं आणि कपाट भिंतीला चिकटवून ठेवायचं. मग भिंत घामेजली की इंग्लंडच्या हवेला नावं ठेवायची. जमिनीतली ओल असो की पन्हळ, आधी इलाज, कागद नंतर. बुरशी असेल तर ती मारून, भिंत सुकवून मग.

पुढची परीक्षा बोटाची. बोट ओलं करून जुन्या हिरव्या रंगावर चोळा. बोटाला खडूसारखी भुकटी आली तर ते जुन्या पद्धतीचं डिस्टेंपर आहे, म्हणजे खडूची पूड आणि सरस. आपण भारतात दुकानातून आणतो ते आजचं ॲक्रिलिक डिस्टेंपर वेगळं, त्यावर जाऊ नका. या जुन्या डिस्टेंपरवर लावलेला कागद सुकताना ताणतो आणि डिस्टेंपरला घेऊनच खाली येतो. कोमट पाणी आणि स्पंजनं धुऊन काढा, उरलंसुरलं बसवायला प्रायमरचा एक हात द्या. हा कंटाळवाणा दिवस आहे. टाळू नका.

भुकटी येत नसेल, रंग कडक आणि चकचकीत असेल, तर तो तेलाचा. त्यावर पॉलिश पेपर मारून खरखरीत करावं लागतं, नाहीतर खळ धरत नाही. पण इथे थांबा. एवढ्या जुन्या घरातल्या तेलाच्या रंगात शिसं असू शकतं. ब्रिटनमध्ये घरगुती वापरासाठी शिशाच्या रंगाची विक्री १९९२ मध्ये बंद झाली, आणि १९६०च्या आधीच्या थरांत ते भरपूर सापडतं. दुकानात तपासणीचा संच मिळतो, तो आधी वापरा. शिसं निघालं तर कोरडं घासणं बिलकुल नाही. ओला पॉलिश पेपर, तोंडाला मास्क, कचरा ओला असतानाच गोळा. घरात लहान मूल असेल किंवा कुणी गरोदर असेल तर हे काम माणूस लावून करून घ्या.

एवढं झालं की भेगा आणि खड्डे फिलरनं भरा, वाळल्यावर घासा, धूळ पुसा. कागद लावायचाच आहे म्हणून खड्डे तसेच सोडणारे लोक मी बघते. कागद जाड आहे, पण शेवटी कागद आहे. संध्याकाळी दिवा लावला की प्रत्येक खड्डा दिसतो.

आता ग्रेड. ८०० पासून २००० पर्यंत आकडे असतात, आकडा मोठा तितका कागद जाड. नवशिक्याला वाटतं सगळ्यात जाड आणला की सगळं झाकलं जाईल. २००० चा कागद कोपऱ्यात वळताना हट्टीपणा करतो आणि जोडाच्या कडा जाड म्हणून वरच्या रंगातून उठून दिसतात. ८०० चा ओला झाला की हातात फाटतो. तुमच्या भिंतीला १४०० घ्या. एखादी भिंत फारच खडबडीत असेल तर तेवढ्यापुरता १७००. कागदात कृत्रिम धागे मिसळलेला एक प्रकारही मिळतो, त्यात खळ कागदाला नाही तर भिंतीला लावतात. तो ओला होऊन फुगत नाही आणि भेगा जास्त चांगल्या धरतो. महाग आहे, पण पहिल्यांदाच करणाऱ्याला सोपा. खिसा परवानगी देत असेल तर माझं मत त्यालाच. पुढचं सगळं मी साध्या कागदाबद्दल लिहिते.

रोल किती? तुमच्या खोलीचा घेर १५ मीटर. कागदाची रुंदी ५६ सेंटीमीटर, म्हणजे २७ पट्ट्या. उंची २.७, वर-खाली कापायला मिळून १० सेंटीमीटर धरा, म्हणजे पट्टी २.८ मीटरची. साधा रोल १०.०५ मीटरचा, त्यातून तीनच पट्ट्या निघतात आणि दीड मीटरहून जास्त तुकडा वाया जातो. दुहेरी रोल २०.१ मीटरचा, त्यातून सात. म्हणजे साधे नऊ घ्या किंवा दुहेरी चार. दुहेरी घ्या. दार-खिडक्या वजा करत बसू नका, एखादी पट्टी फाटणार आहेच. सगळे रोल एकाच वेळी घ्या.

आडवा की उभा, यावर इथले जुने कारागीर चहाच्या सुट्टीत भांडतात. वर नक्षीचा वॉलपेपर लावायचा असेल तर लायनिंग आडवंच लावतात, म्हणजे खालचे जोड आणि वरचे जोड एकावर एक येत नाहीत. वरून रंगच द्यायचा असेल तर कसंही चालतं. तुमच्या ४ मीटरच्या भिंतीला आडव्या पाच पट्ट्यांत काम होतं, उभ्या आठ लागतात. शिवाय पुढच्या खोलीत मोठी खिडकी आहे. बाजूनं येणारा उजेड उभ्या जोडावर पडला की तो जोड रेघ मारल्यासारखा दिसतो, आडवा तेवढा दिसत नाही. पण चार मीटर ओला कागद धरून शिडीवर उभं राहायला दोन माणसं आणि शांत डोकं लागतं. तुम्ही नवीन आहात. उभा लावा. खिडकीपासून सुरुवात करा आणि उजेडापासून लांब लांब जा.

लावायची रीत. आदल्या दिवशी खळ पातळ करून भिंतीला एक हात द्या. कोरडी भिंत खळीतलं पाणी चटकन ओढून घेते आणि मग कागद सरकवता येत नाही. पहिल्या पट्टीसाठी ओळंबा सोडून पेन्सिलची उभी रेघ मारा. दाराच्या चौकटीवर किंवा कोपऱ्यावर विश्वास ठेवू नका, या घरांत काहीच सरळ नसतं.

पट्टी टेबलावर पसरून मधून कडांकडे खळ लावा, कडा कोरड्या राहू देऊ नका. मग खळीची बाजू आत ठेवून पेटीच्या भात्यासारखी घडी घाला आणि मुरू द्या. किती वेळ ते पुडक्यावर लिहिलेलं असतं, साधारण ५ ते १० मिनिटं. महत्त्वाचं हे की प्रत्येक पट्टीला तेवढाच वेळ द्या. कागद ओला झाला की रुंदीत काही मिलिमीटर वाढतो. एक पट्टी तीन मिनिटं मुरली आणि दुसरी बारा, तर एक भिंतीवर जाऊनही वाढत राहते, दुसरी आधीच वाढून झालेली असते. फुगे तिथेच येतात. मी पट्टीच्या मागच्या टोकाला पेन्सिलनं वेळ लिहून ठेवते. नवरा-बायको मिळून करत असाल तर एकानं फक्त खळ आणि घड्याळ सांभाळायचं, दुसऱ्यानं फक्त भिंत. मध्ये कामं बदलू नका, भांडणं होतात.

वरून सुरू करा, छताकडे पाच सेंटीमीटर जास्तीचा ठेवा, कागदाच्या ब्रशनं मधून बाहेर हवा काढत खाली या. पट्टीला पट्टी भिडवायची, चढवायची नाही. चढलेला जोड रंगाखाली कायमचा दिसतो. कोपऱ्यात अख्खी पट्टी वळवू नका. कोपऱ्यापलीकडे सेंटीमीटरभर जाईल एवढीच कापा आणि दुसऱ्या भिंतीवर पुन्हा ओळंबा लावून नवीन पट्टी कोपऱ्यात बसवा. कापायला ब्लेडचं टोक सारखं मोडत राहा. बोथट ब्लेड ओला कागद कापत नाही, ओरबाडतं.

सॉकेट आणि स्विचपाशी : मेन बॉक्समधून त्या खोलीची वीज बंद. नुसतं स्विचचं बटण बंद करून भागत नाही. मग प्लेटचे स्क्रू सैल करा, कागद कापून त्याची कडा दोन-तीन मिलिमीटर प्लेटमागे सरकवा, स्क्रू आवळा. सुकल्याशिवाय वीज चालू करू नका.

आणि खोलीतलं हीटिंग बंद ठेवा. लवकर सुकावं म्हणून रेडिएटर लावला की कागद घाईनं आकसतो आणि सगळे जोड उघडतात. निदान २४ तास, थंडीत ४८. त्यानंतर जोडांत बारीक फिलर, हलका पॉलिश पेपर, आणि मॅट इमल्शनचे दोन हात, पहिल्यात थोडं पाणी घालून. मॅटच. चमक असलेला रंग प्रत्येक जोडाची चुगली करतो.

जाता जाता, तुम्ही काढला तो वुडचिप जर्मन माणसाची देणगी. ह्यूगो एर्फुर्टनं तो १८६४ मध्ये शोधून काढला. इथल्या निम्म्या घरमालकांच्या शिव्या त्याला पोचत असतील.

ताई, काल दिवसभर खपून झोपायच्या खोलीत लायनिंग पेपर लावला. सकाळी उठून बघते तर मध्येच फुगे, आणि दोन पट्ट्यांच्या जोडात फट पडली आहे. सगळं उपटून परत लावू का? — एक वाचक, ग्लासगो

काहीही उपटू नका. चहा करा.

फुगा दाबून बघा. मऊ आणि ओलसर लागला तर अजून सुकतोय, सुकताना ताणून आपोआप बसेल. दोन दिवसांनीही राहिला, वाजवल्यावर कागदाचा कोरडा आवाज आला, तर तिथे खळ पोचलेली नाही. धारदार ब्लेडनं फुगा अधिकच्या चिन्हासारखा कापा, चारी पाकळ्या उचलून बारीक ब्रशनं खळ लावा, ओल्या स्पंजनं दाबून बसवा. रंगानंतर तुम्हालाही सापडणार नाही.

फुगे नसून सगळी पट्टीच खालून सुटत असेल, आणि तिच्या पाठीला रंगाचे किंवा खडूचे पापुद्रे चिकटून आले असतील, तर मात्र दोष भिंतीचा. त्याचा इलाज वरच्या उत्तरात डिस्टेंपरपाशी आहे, आणि तो करण्याआधी कागद परत लावण्यात अर्थ नाही.

जोडातली फट हा दोषच नाही. ओला कागद वाढतो, सुकला की आकसतो, अर्धा-एक मिलिमीटर मागे हटणारच. बारीक फिलर बोटानं किंवा पत्तीनं भरा, पुसा, वाळवा, घासा. फट तीन-चार मिलिमीटरची असेल तर पट्टी मुरू न देता लावली असणार किंवा हीटिंग चालू असणार. तरीही फिलरच.

आमचं घर मिल्टन कीन्सला, १९७०च्या दशकातलं. दिवाणखान्याच्या छताला टोकाटोकांचं, पंख्याच्या नक्षीचं आर्टेक्स (छतावर देतात तो जाड, नक्षीदार लेप) आहे. ते घासून सपाट करायचं आणि वर लायनिंग पेपर लावून पांढरा रंग द्यायचा, असा बेत आहे. पॉलिश पेपरचं मशिन आणलंय. छताला १७०० लावू की २०००? — एक वाचक, मिल्टन कीन्स

मशिन आहे तसं परत करा. आजच.

त्या काळातल्या आर्टेक्समध्ये पांढरं ॲस्बेस्टॉस असण्याची खरीखुरी शक्यता आहे. १९८०च्या दशकाच्या मध्यापर्यंत ते सर्रास घातलं जात होतं, आणि ब्रिटनमध्ये पांढऱ्या ॲस्बेस्टॉसवर पूर्ण बंदी आली ती १९९९ मध्ये. घट्ट बसलेलं, रंग दिलेलं, न हललेलं असताना ते कुणाचं काही बिघडवत नाही. घासलं, खरवडलं, भोकं पाडली की त्याचे तंतू हवेत येतात, फुफ्फुसात जाऊन बसतात, आणि त्यांचे आजार काही दशकांनी उगवतात. तुम्ही मशिन लावलंत तर त्या खोलीत तुमची मुलंही श्वास घेणार आहेत.

मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत नमुना तपासून घ्या. नमुनाही शक्यतो त्यांच्याच माणसाकडून काढून घ्या. ॲस्बेस्टॉस नाही असं लेखी आलं तर प्लास्टरवाला त्यावर सपाट थर देऊ शकतो. आहे असं आलं आणि छत धडधाकट असेल, तर सगळ्यात शहाणपणाचं म्हणजे नुसता वरून रंग द्या, आणि घर विकताना घेणाऱ्याला सांगा. नक्षी डोळ्यांना खुपतच असेल तर या कामाची माहिती असलेल्या माणसाकडून खाली नवीन बोर्डाचं छत करून घ्या.

ग्रेडचं उत्तर : कुठलाच नाही. टोकांवर कागद फक्त टोकांना चिकटतो, मध्ये हवा राहते. आणि पुढे कधी तो कागद कुणी ओढून काढला तर तेच तंतू पुन्हा मोकळे होतात.

ताई, मी ठाण्याला राहते. लेक लंडनला असते. तिच्या घरात तिनं भिंतींना कागद लावून वरून रंग दिला, इतकं गुळगुळीत झालंय की हात फिरवत राहावं. या दिवाळीला येताना माझ्यासाठी चार रोल बॅगेत घालून आणलेत. आमचा रंगारी म्हणतो, काकू, हे आपल्याकडे चालत नाही. तो टाळतोय का? आमची इमारत तीस वर्षांची, हॉलच्या बाहेरच्या भिंतीला पावसाळ्यात ओल येते. — एक आजी, ठाणे

काकू, रंगारी टाळत नाहीये. त्याला चहाबरोबर चकली पण द्या.

लंडनच्या त्या घरातली भिंत चुन्याची किंवा जिप्समची, वर पातळ थर, आणि हवा कशीही असली तरी चार महिने सलग मुसळधार पाऊस नाही. तुमच्याकडे सिमेंटचा गिलावा, बाहेरून पावसाचा मारा आणि जूनपासून सप्टेंबरपर्यंत हवेतच एवढं पाणी की कपडे वाळत नाहीत. कागद म्हणजे लाकडाचा लगदा, खळ म्हणजे स्टार्च नाहीतर सेल्युलोज. खळीत बुरशी रोखणारं औषध असतं, पण ते ठाण्याच्या ओलीला पुरायचं नाही. जुलैत फुगेल, ऑगस्टमध्ये काळे ठिपके येतील, आणि गणपतीत पाहुणे यायच्या आत तुम्ही तो ओढून काढत असाल.

तुम्हाला हवा तो गुळगुळीतपणा आपल्याकडे पुट्टीनं मिळतो, आणि उत्तम मिळतो. पण क्रम सांभाळा. आधी बाहेरची भिंत : भेगा भरून घेणं, बाहेरच्या पाइपांचे जोड, वरच्या मजल्याच्या बाथरूमची गळती. हे एकट्या तुमच्या खर्चाचं नाही, सोसायटीत अर्ज द्या आणि पावसाळ्याच्या आधी करून घ्या. मग आतून पोपडे सगळे खरवडून, भिंत पूर्ण सुकू द्यायची. दिवाळीनंतर मार्चपर्यंतचा काळ यासाठी चांगला. मग पांढऱ्या सिमेंटच्या पुट्टीचे दोन पातळ हात, प्रत्येक हातानंतर वाळवणं, शेवटी बारीक पॉलिश पेपर, प्रायमर, आणि रंग. रंगाऱ्याला सांगा, घासताना बल्ब भिंतीला लावून आडवा उजेड टाक. उंचसखल लगेच दिसतं. चांगला रंगारी हे स्वतःहूनच करतो. तुमच्या रंगाऱ्यानं कागदाला नाही म्हटलं त्या अर्थी तो चांगला असावा.

लेकीनं आणलेले रोल वाया जाणार नाहीत. कपाटांच्या फळ्यांवर अंथरायला तो कागद फार छान, धुळीचे फडके टाकावे लागत नाहीत. आणि नातवंडं येतील तेव्हा हॉलभर लांब पसरून द्या, जलरंग पण झेलतो. फक्त कोरड्या कपाटात ठेवा.